केसोभटांचे चाळीस दिवस

हनुमान जयंतीला आमच्या तालमीत एक खोड आहे. पूजा झाली, सुंठवडा वाटून झाला, की कुणातरी म्हाताऱ्याला कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला पाट मांडून बसवायचं आणि म्हणायचं, वस्ताद, चार गोष्टी सांगा. म्हातारा सांगतो. पोरं ऐकल्यासारखं करतात आणि एका डोळ्यानं प्रसादाच्या ताटाकडं बघतात. यंदा तो म्हातारा मी. मला लिहिता येत नाही, म्हणून तालमीतलेच एक कारकून उतरवून घेताहेत. भाषा फार शुद्ध वाटली तर तो गुन्हा त्यांचा.

कुस्त्यांच्या गोष्टी मी सांगणार नाही. त्या सांगणारे पुण्यात पैशाला पासरी मिळतात. शिवाय ज्याला विचारावं तो समोरच्याला चीत केलेलाच असतो. चीत झालेला माणूस कसबा पेठेत मला अजून भेटायचा आहे. मी सांगणार ती गोष्ट तालमीच्या दारातली आहे. आताचे वस्ताद माझेच पठ्ठे. त्यांनी दोनदा विचारलं, "पूर्वी म्हणे दारात आकडा बोलायचा रिवाज होता, तो तुम्ही बंद का केलात?" दोन्ही वेळा मी खोकल्याचं निमित्त केलं. आता वय असं झालंय की निमित्त करता करता खरंच खोकला येतो. तेव्हा सांगून टाकतो.

लोकांना वाटतं, वस्तादाचं काम डाव शिकवणं. डाव शिकवायला चार महिने पुरतात. बाकीचा सगळा जन्म आज आलेल्या माणसाला उद्या परत आणण्यात जातो. पाडव्याच्या दिवशी तालमीत पाय ठेवायला जागा नसते. नवा लंगोट, नवा नारळ, मिशीला तेल. "वस्ताद, या वर्षी अंग कमवायचंच." मी म्हणायचो, कमवा की. रामनवमीपर्यंत मातीत मी, मारुती आणि तालमीतली मांजर. नऊ दिवसांत इतके संकल्प विरताना दुसऱ्या कुणी बघितले नसतील.

त्यांच्यात काय नमुने असायचे म्हणून सांगू. एका सरदारांच्या चिरंजीवांना शरीर कमवायचं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी पाच जोर काढले. दुसऱ्या दिवसापासून ते गादी घालून बसले आणि जोर त्यांचा हुजऱ्या काढू लागला. चिरंजीव मोजायचे. मी म्हटलं, "सरकार, जेवायलाही यालाच बसवता का?" त्यांना राग आला नाही, कारण टोमणा समजला नाही. वर्षभरानं हुजऱ्याची छाती अशी झाली की नागपंचमीला त्यानं तीन कुस्त्या मारल्या. चिरंजीव ज्याला त्याला सांगत होते, मेहनत आमची.

तर माणूस टिकावा म्हणून माझ्या वस्तादांनी एक रिवाज घालून दिला होता. नेम चाळीस दिवसांचा. रोज पहाटे दारात पाऊल टाकायचं, मारुतीला हात लावायचा आणि आपला आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलायचा. आज सात. आज आठ. एक दिवस चुकला, मग तो कशानंही चुको, की आकडा पुन्हा एक. चाळीस झाले की वस्ताद स्वतः उठून त्याच्या कपाळाला हौद्यातली माती लावणार. बक्षीस एवढंच. पण त्या चिमूटभर मातीसाठी भली भली माणसं थंडीत लंगोटावर उभी राहिलेली मी पाहिली आहेत. माणूस दंडाच्या जोरावर कमी आणि लाजेच्या जोरावर जास्त मेहनत करतो, असं माझे वस्ताद म्हणायचे. मी स्वतः सोळाव्या वर्षी अंगात ताप असताना छत्तिसावा दिवस काढला होता. भोवळ येऊन हौद्यात पडलो, तोंडात माती गेली, पण आकडा मोडला नाही. ही गोष्ट मी पुढं तीस वर्षं नव्या पोरांना छाती फुगवून सांगत होतो.

रिवाज मानत नसे असा एकच माणूस, इब्राहीम अत्तार. माझ्या वस्तादांच्या वेळेपासूनचा, माझ्यापेक्षा वयानं मोठा. त्याला मी काय बोलणार? तो यायचा, पन्नास बैठका काढायचा, घाम पुसायचा आणि अत्तराची पेटी उचलून फिरतीला जायचा. मग चार दिवस पत्ता नाही. पाचव्या दिवशी हजर, तोंडावर लाजेचा लवलेश नाही.

"चाचा, आकडा?" मी मुद्दाम विचारायचो.

"आकडा तुझा तू ठेव, वस्ताद. काल गेलं ते गेलं. आज आलोय ना?"

पोरं हसायची. मला वाटायचं, हा माणूस शिस्त बिघडवतो. तो सत्तरी ओलांडल्यावरही पेटी खांद्यावर टाकून लकडी पूल झपझप ओलांडायचा. माझे चाळीस चाळीस दिवस पुरे केलेले पठ्ठे तोवर पोटं सुटून ओट्यावर पान खात बसले होते. हे मी रोज बघत होतो आणि बघून काही शिकत नव्हतो.

अशात एका पहाटे केसोभट आले. नारायण पेठेतले भिक्षुक. त्यांना सगळं पुणं ओळखत होतं ते त्यांच्या जेवणामुळं. पंगत उठायची वेळ झाली की यजमान त्यांच्यापुढं लाडवांची परात ठेवायचे. बाकीचे ब्राह्मण हात धुऊन बघत उभे राहायचे आणि केसोभट शांतपणे वीस, पंचवीस, तीस. ज्याच्या घरी ते जास्त जेवतील त्या घराची वाहवा. त्यामुळं त्यांना आमंत्रणं फार. दुसऱ्याची भूक भागवून लोक पोट भरतात, हे स्वतःची भूक दाखवून संसार चालवत होते.

दारात उभे राहिले तेव्हा धाप लागलेली. म्हणाले, "वस्ताद, आम्हांला घ्याल का?"

मी म्हटलं, "भटजी, इथं लाडू नसतात."

"म्हणूनच आलो," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. सारखी तहान लागते, पाय बधिर पडतात, लघवीला मुंग्या लागतात. वैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, प्रमेह आहे, रोज घाम गाळा आणि पंगतीत अर्ध्या पोटी उठा, नाहीतर दोन वर्षं काढलीत तरी पुष्कळ. "मुलगी सहा वर्षांची आहे," केसोभट म्हणाले. "एकुलती. चिमी. दोन वर्षांनी उजवायची. तिचं कन्यादान माझ्या हातानं व्हावं, एवढीच इच्छा आहे. पुढचं देव बघेल." हे बोलताना त्यांनी रडं आणलं नाही. उंबऱ्याकडं बघत बोलले.

मी त्यांना घेतलं. आकड्याचा रिवाज सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि मारुतीला हात लावून म्हणाले, "आज एक." पहिल्या दिवशी चौथ्या बैठकीला खाली बसले ते उठेचनात. दोघांनी काखेत हात घालून उभं केलं. पोरं तोंड फिरवून हसली. केसोभटही हसले. म्हणाले, "हसा, हसा, आम्हांला पंगतीत बघितलं असतं तर मान खाली घातली असती."

माझी खात्री होती की आठवा दिवस उजाडणार नाही. पण आठवा उजाडला, पंधरावा उजाडला. विसाव्या दिवशी त्यांनी एका दमात चाळीस बैठका काढल्या. तिसाव्या दिवशी सांगत आले, "काल चिमीला घेऊन पर्वती चढलो. अर्ध्या वाटेत ती म्हणाली, बाबा, मी दमले, उचला. उचललं. मधे दोनदाच बसलो." तो माणूस त्या दिवशी इतका खुश होता की मीही खुश झालो. पण तोंडावर दाखवलं नाही. वस्तादानं खुश दिसायचं नाही, हाही एक रिवाज.

मातीपेक्षा पंगत त्यांना जड गेली. आठ लाडवांवर उठले की यजमानांचा चेहरा उतरायचा. एका घरी म्हणाले, "काय भटजी, आमच्या तुपाला वास येतोय का?" दुसऱ्या घरी म्हणाले, "एवढंच जेवायचं तर चार पोरं बोलावली असती." आमंत्रणं कमी झाली. हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, पण त्यात घर कसं चालत असेल याचा विचार मी केला नाही. मला फक्त आकडा दिसत होता. पस्तीस. छत्तीस. सदतीस. दारात केसोभट आकडा बोलले की पोरंही कान देऊ लागली होती. चाळिसाव्या दिवशी लावायची माती मी मनात कालवूनसुद्धा ठेवली होती.

अडतिसाव्या दिवशी मीच तालमीत नव्हतो. हौद्यात नवी माती भरायची होती, ती बघायला आदल्या दिवशी कात्रजकडं गेलो होतो. परतायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली. त्याच्या पुढच्या पहाटे केसोभट दारात आले. डोळे सुजलेले, चेहरा ओढलेला. मारुतीला हात लावला आणि गप्प उभे राहिले. त्यांनी एकोणचाळीस म्हटलं असतं तर कुणी हू की चू केलं नसतं. मी नव्हतो आणि पोरांना आपापले आकडे धड आठवत नव्हते.

"वस्ताद," ते म्हणाले, "काल माझं येणं झालं नाही."

आता इथं मी एक प्रश्न विचारायला हवा होता. का नाही झालं? एवढाच. पण माझी जीभ पुण्याची. म्हटलं, "कुठं होती पंगत? बासुंदी होती का श्रीखंड?"

सगळी तालीम हसली. केसोभटांनी वर बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग तेही थोडे हसले.

"मग आज किती?" मी विचारलं.

"तुम्ही सांगाल तो आकडा."

"एक."

"आज एक," ते मोठ्यानं म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पन्नास बैठका काढल्या. अंग पुसलं, उपरणं घेतलं, मला नमस्कार केला आणि गेले. ते परत आले नाहीत.

मला वाटलं, येतील चार दिवसांनी. आले नाहीत तेव्हा वाटलं, गेले असतील पंगतीला, मूळ स्वभाव जातोय कुठं. वस्ताद चेल्याच्या दारी जात नसतो, असं आम्ही मानायचो. नारायण पेठ काही काशीला नव्हती. पाव घटकेची वाट. पण गेलो नाही. एकदा नदीच्या घाटावर दिसले. लांबून हात जोडले. मी नदीकडं बघत राहिलो. अजून आठवलं की मला माझीच कानशिलं लाल झाल्यासारखी वाटतात.

दीड वर्ष गेलं. एका सकाळी इब्राहीम अत्तार बैठका न काढता नुसताच माझ्याशेजारी येऊन बसला. म्हणाला, "वस्ताद, तुझे ते भटजी गेले. नारायण पेठेतले. पायाला जखम झाली होती, ती चिघळत वर चढली म्हणतात."

मग तोच म्हणाला, "भला माणूस होता. रस्त्यात भेटला की तुझी खुशाली विचारायचा."

तेरावं झाल्यावर मी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा चेल्याच्या दारी. ओसरीवर केसोभटांचे धाकटे भाऊ बसले होते. चिमी अंगणात खडे मांडून खेळत होती. भाऊ म्हणाले, येत्या वैशाखात तिला उजवायचं ठरतंय, कन्यादान आता आम्हीच करू. दाराआडून केसोभटांच्या कुटुंबानं विचारलं, "तालमीतले वस्ताद का?"

"हो, बाई."

"तुमचं नाव रोज निघायचं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मधेच यायचं सोडलं त्यांनी. अडतिसाव्या दिवशी नेम मोडला."

"त्या दिवशी होय," त्या म्हणाल्या. "शेजारच्या आळीत एक म्हातारी बाई वारली पहाटे. मागंपुढं कुणी नाही. तिरडीला तीन माणसं मिळाली, चौथा खांदा मिळेना. हे तालमीलाच निघाले होते. वाटेतून तसेच गेले. दहन होईस्तोवर दुपार झाली. घरी आले तेव्हा नुसते बसून राहिले. म्हणाले, दोन दिवसांनी माती लागली असती कपाळाला."

मला तिथं बसवेना. पंगतीचा तो माझा टोमणा त्यांनी घरी सांगितला होता की नाही कोण जाणे. बाईंच्या बोलण्यात तरी तसं काही नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"पण सोडलं नव्हतं हो त्यांनी," बाई म्हणाल्या. "म्हणायचे, एक म्हणत परत कसा जाऊ त्या पोरांत? घरीच चाळीस पुरे करतो आणि मग वस्तादांपुढं उभा राहतो. भाऊजी, यांना परसात नेऊन दाखवा."

भावानं मला बाजूच्या बोळातून मागं नेलं. विहिरीजवळ गोठ्याची मातीची भिंत होती. तिच्यावर गेरूच्या उभ्या रेघा होत्या, ओळीत मांडलेल्या. एक दिवस, एक रेघ. एक ओळ एकतीस रेघांवर थांबली होती. तिच्याखाली दुसरी, नव्यानं सुरू केलेली, बारावर संपलेली. मग छत्तीस. मग नऊ. मग सत्तावीस. बाई मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या आतून सांगत होत्या, ही ओळ मोडली तेव्हा चिमीला ताप होता, ही मोडली तेव्हा पैठणला वर्षश्राद्धाला जावं लागलं. सहावी ओळ मी दोनदा मोजली. एकोणचाळीस. "त्या दिवशी यांनाच भोवळ आली," बाई म्हणाल्या. "मी उठू दिलं नाही. चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत."

पुढची बावीस. आणि शेवटची पस्तीस. शेवटच्या ओळीतल्या रेघा हळूहळू वाकड्या होत गेल्या होत्या.

"पायाला फोड आला तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, महिनाभर पाय टेकू नका," बाई सांगत होत्या. "तेव्हा यांचे अठरा झाले होते. म्हणाले, आता थांबलो तर पुन्हा एक. फडकं बांधून उभे राहायचे. मी ओरडायची. म्हणायचे, बावीसच राहिलेत. मग म्हणायचे, दहाच राहिलेत."

मातीत काम करणाऱ्याची नजर माणसाच्या आधी पायांवर जाते. एवढीशी चीर असली तरी मी पोराला हौद्यात उतरू देत नाही, हळद लावून कट्ट्यावर बसवतो. केसोभट माझ्या दारात येत असते तर तो फोड पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांना दिसला असता. मी त्यांना घरी पाठवलं असतं. आणि पाठवताना आकडा एकच केला असता, हेही खरं. म्हणजे ते लपवत राहिले असते. कुठूनही हिशेब मांडला तरी तो माझ्या दारातच येऊन थांबतो.

मी सगळ्या ओळींच्या रेघा मिळून मोजल्या. बोट ठेवून ठेवून मोजल्या. दोनशे अकरा. माझ्या तालमीत त्या दीड वर्षात दोनशे अकरा दिवस मेहनत केलेला दुसरा माणूस नव्हता. मीसुद्धा नव्हतो.

बाई दारातून भिंतीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला मोजता येत नाही, वस्ताद. रोज विचारायची, झाले का चाळीस? ते म्हणायचे, नाही अजून. एवढी भिंत भरली तरी नाहीच म्हणायचे. तुम्ही मोजलेत ना आता? खरं सांगा, झाले होते का हो?"

मी म्हटलं, "झाले होते, बाई. केव्हाच झाले होते."

"मग त्यांना कुणी सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या.

ते सांगायचं काम माझं होतं.